प्लास्टिकच्या जोडाची नऊ दशके

प्रतिकृती, दिव्यांच्या पेट्या किंवा देखाव्यांचे सांगाडे हौसेने बनवणाऱ्यांच्या हातात गेल्या नव्वद वर्षांत जे जे नवे प्लास्टिक आले, त्याने आधीच्या चिकटद्रव्याला निरुपयोगी ठरवले. सरस किंवा खळ लाकडाच्या आणि कागदाच्या तंतूंमध्ये मुरते आणि तेथेच वाळून पकड घेते. प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर अशी मुरायला जागाच नसल्यामुळे जोडाचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागला.

1936 मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विमानांच्या प्रतिकृतींचे संच विक्रीस आले, ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि हे प्लास्टिक कालांतराने वाकडे होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली आणि त्याच्यासोबत नळीतले घट्ट सिमेंट घरोघरी पोचले. हे सिमेंट म्हणजे टोल्युइनसारख्या द्रावकात, म्हणजे दुसरा पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात, पॉलिस्टायरीनच विरघळवून केलेला लगदा होय. द्रावक दोन्ही कडा मऊ करतो, दोन्हीकडच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर मध्ये परका पदार्थ असा काही उरतच नाही. म्हणूनच या पद्धतीला चिकटवणे म्हणण्यापेक्षा सांधणे म्हणणे अधिक योग्य ठरते. 1960 च्या दशकात अमेरिकेत मुले नशेसाठी या सिमेंटची वाफ हुंगू लागली, तेव्हा ‘टेस्टर्स’ कंपनीने त्यात नाकाला झोंबणारे मोहरीचे तेल मिसळले. रसायनशास्त्राने समाजशास्त्राला दिलेले हे उत्तर कल्पक म्हणावे लागेल.

ॲक्रिलिक 1930 च्या दशकात ‘प्लेक्सिग्लास’ आणि ‘पर्स्पेक्स’ या नावांनी बाजारात आले. त्याच्या शीटचा जोड हे द्रावकाच्या पद्धतीचे सर्वांत देखणे रूप आहे, आणि भारतातल्या पाट्या व ट्रॉफ्या बनवणाऱ्या कारागिरांनी त्यासाठी क्लोरोफॉर्म रूढ केला. कड घासून सपाट केल्यावर दोन तुकडे कोरडेच जुळवून धरले जातात आणि सिरिंजच्या सुईने फटीच्या एका टोकाशी थेंब सोडला जातो. केशाकर्षणामुळे, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जात असल्यामुळे, तो पाहता पाहता दुसऱ्या टोकापर्यंत धावतो आणि त्याच्या मागे पांढुरकी रेषा पारदर्शक होत जाते. फट राहिली तर मात्र द्रावक ती भरून काढत नाही, तेथे बुडबुडे दिसतात. लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो आणि द्रावक लागताच तिच्यावर केसासारख्या भेगा उमटतात. ही शीट जोडण्यापूर्वी सुमारे 80 अंश सेल्सिअसला काही तास तापवून सावकाश थंड करण्याची शिस्त व्यावसायिक पाळतात, हौशी मंडळी सहसा पाळत नाहीत. क्लोरोफॉर्म यकृताला घातक असल्यामुळे हे काम बंद खोलीत करणे धोक्याचे आहे.

सायनोॲक्रिलेटचा शोध 1942 मध्ये हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या पारदर्शक नेमसाधनांवर काम करताना लागला, पण जिकडेतिकडे चिकटणारा हा पदार्थ तेव्हा बाजूला सारला गेला आणि 1958 मध्ये चिकटद्रव्य म्हणून बाजारात आला. भारतात फेवीक्विकच्या रूपाने तो सर्वव्यापी झाला. या सोयीने एक चुकीची सवयही लावली : शीट कोणती आहे हे न पाहताच थेंब टाकायचा. फोम पीव्हीसीच्या सनबोर्डवर ही सवय खपून जाते; पारदर्शक ॲक्रिलिकवर त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढुरके धुके सोडते; आणि थर्मोकोल, जे मुळात फुगवलेले पॉलिस्टायरीनच असते, ते द्रावक असलेल्या चिकटद्रव्यांनी खड्डे पडून विरघळते. म्हणूनच महाराष्ट्रात गणपतीच्या मखरांसाठी पाण्यावर आधारित पांढरा फेव्हिकॉलच वापरात राहिला, पुढे 2018 मध्ये राज्याने सजावटीच्या थर्मोकोलवरच बंदी घातली.

पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ, नळ्यानळ्यांच्या सनपॅक शीटने मात्र सर्वांनाच हात टेकायला लावले. तिची पृष्ठऊर्जा, म्हणजे बाहेरच्या द्रवाला स्वतःवर पसरू देण्याची क्षमता, फार कमी असते आणि नेहमीच्या तापमानाला ती सहज विरघळतही नाही. विशेष प्राथमिक लेप देऊन वर सायनोॲक्रिलेट लावणे शक्य आहे, पण बहुतेक कामांत नट-बोल्ट किंवा केबल टाय हेच शहाणपणाचे.

अलीकडे द्रावकांचाच फेरविचार सुरू आहे. ॲक्रिलिक सांधण्यासाठी वापरले जाणारे डायक्लोरोमिथेन ग्राहकांना विकण्यावर अमेरिकेने 2024 च्या नियमाने बंदी आणली. पॉलिस्टायरीनसाठी संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून मिळणाऱ्या लिमोनीनचे सिमेंट निघाले आहे, ते सावकाश वाळते आणि त्याचा वासही सुसह्य असतो. ॲक्रिलिकच्या कडा मात्र त्याने सांधल्या जात नाहीत.