हृदयाचा यतिभंग

‘काळजाचा ठोका चुकला’ हा आपल्या कथाकादंबऱ्यांचा मोठा लाडका वाक्प्रचार. दारात तारवाला दिसला की नायिकेचा ठोका चुकलाच! मराठीच्या अध्यापकाला या वाक्प्रचाराची वर्षानुवर्षे सोबत असते. शरीरशास्त्र मात्र म्हणते, की असा ठोका बहुधा चुकलेला नसतोच. तो वेळेआधी पडलेला असतो.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या संशोधकांनी १९०७ साली तो दाखवून दिला. मैफलीतल्या तबलजीसारखे ठेका धरण्याचे काम त्याचे. तेथून निघालेली विजेची सूक्ष्म लहर वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या दोन कप्प्यांत उतरते. हा थांबा म्हणजे हृदयाच्या वृत्तातले यतिस्थान! तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० आणि दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके असे पडत असतात.

एखादा आगंतुक ठोका भलत्याच जागेतून लवकर उठला, की यतिभंग होतो. कप्पा पुरता भरलेला नसल्यामुळे तो मनगटाला जाणवतही नाही. मग जरा लांब विराम, आणि पुढचा ठोका जोरकस. छातीत धस्स होते ते त्याने. जागरणाने, काळजीने हे निरोगी माणसालाही होते आणि बहुधा निरुपद्रवी असते. वारंवार होऊ लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

उलट गंभीर विकार पुष्कळदा मुकाट्याने येतो. ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी सर्वस्वी बेताल होते. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते; त्याची गुठळी मेंदूकडे गेली, की पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तरीही कित्येकांना काहीच जाणवत नाही. धस्स करणाऱ्या ठोक्यासाठी भाषेत वाक्प्रचार आहे. या घातक मौनासाठी नाही!

तिसरी तऱ्हा मंदगतीची. लहर खाली पोचेनाशी झाली, की चक्कर येते, शुद्ध हरपते. अशाच विकाराने पीडलेल्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन खचले नाहीत. एकामागून एक वीसहून अधिक यंत्रे बदलत ते २००१ पर्यंत जगले.

तेव्हा दिवाळीच्या फराळाला घरची वडील मंडळी जमली, की एक करावे. त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ताल अगदीच विस्कळीत लागला, तर ई.सी.जी. काढून घ्यावा, गुठळी टाळणारी औषधे आज उपलब्ध आहेत, ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि धडधडीबरोबर छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मुहूर्त न पाहता इस्पितळ गाठावे. कवितेत मुक्तछंद शोभतो. नाडीला मात्र वृत्तच बरे.