आधी गळती शोधा, मग पॉवर वाढवा

आजची गाडी आहे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, आणि आपल्याकडे आलेल्या गाडीत १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसमध्ये ह्याच घराण्यातलं इंजिन १८० देत होतं, त्यामुळे जुनी आरएस हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रीमॅप केला तर किती वाढेल? मी उलट विचारतो, मूळची १५० तरी शिल्लक आहे का?

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर. ही सगळी वाट रबरी होस, क्लॅम्प आणि प्लास्टिकच्या जोडांची आहे. पंधरा-वीस उन्हाळे इंजिनाच्या शेजारी काढलेलं रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

गळतीने फक्त पिकअप कमी होतो असं समजू नका. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी, म्हणजे टर्बोच्या आधी असतो. ईसीयू त्या मापाने पेट्रोल सोडतो. पुढे हवा निसटली की पेट्रोल जास्त पडतं: काळा धूर येतो, ॲव्हरेज घसरतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. शिवाय हवा तेवढा दाब तयार होत नाही म्हणून ईसीयू टर्बोला आणखी पळवतो. तो दांडा एरवीही मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो. अशा गाडीवर रीमॅप चढवला तर टर्बो जातो, आणि बोल मॅप करणाऱ्याला लागतो.

गळती घरी सापडते. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. इंजिन बंद आणि गार असताना टर्बोचा हवा ओढणारा पाइप काढून त्या तोंडावर ही कॅप होस आणि क्लॅम्पने घट्ट करा. मग कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा, १० पीएसआयच्या वर जाऊ नका, आणि तोंड कॅपच्या समोर ठेवू नका. सुटली तर गोळीसारखी येते. आता प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली. इंजिन ऑइलचं टोपण उघडल्यावर तिथून जोरात हवा येत असेल, तर इंजिनाच्या ब्रीदरमधला एकेरी व्हॉल्व्ह तपासा. तो बिघडला की दाब थेट खाली ऑइलच्या बाजूला जातो आणि सील ऑइल सोडू लागतात.

ह्या इंजिनाचा दुसरा नेहमीचा आजार म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्हचा आतला पडदा फाटणं. व्हॉल्व्ह काढा, बोटाने आतला दट्ट्या दाबा, वरच्या बारीक नळीवर दुसरं बोट ठेवा आणि दट्ट्या सोडा. तो जागच्या जागी थांबला तर पडदा शाबूत. सुर्रकन परत आला तर नवीन घ्या.

ऑइलच्या बाबतीत मी हट्टी आहे. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, आणि त्याला ऑइल पुरवणारी नळी एक्झॉस्टच्या धगीजवळून जाते. हलकं ऑइल तिथे करपतं, काजळी धरतं. हीच घाण खाली ऑइल पॅनमधल्या जाळीत अडकली की प्रेशरचा लाल दिवा लागतो. तो दिवा लागला की गाडी तिथेच बंद करायची, ‘गॅरेजपर्यंत नेतो’ असं म्हणायचं नाही. फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं सिंथेटिक ऑइल आणि ७,५०० किलोमीटरला बदल, हा माझा हिशेब. पूर्वीच्या मालकाने काय घातलं होतं हे माहीत नसेल, तर एकदा पॅन उतरवून जाळी बघाच. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवून.

एवढं झालं की लॅपटॉप जोडा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीच्या व्हीसीडीएस सॉफ्टवेअरमध्ये गट क्रमांक ११५ मागितलेला आणि मिळालेला बूस्ट दाखवतो, तर गट क्रमांक ०२० नॉकिंग झाल्यामुळे प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन ईसीयूने किती अंश मागे घेतलं ते. पूर्ण ॲक्सिलरेटरवरचे आकडे डायनोवर घ्या, रस्त्यावर नको. विदर्भातल्या मे महिन्यात इंटरकूलर तापलेला असतो, आकडे वाढतात. दोन-तीन अंश ठीक. एखादा सिलिंडर सतत सहाच्या वर जात असेल तर मी रीमॅपचं नाव काढत नाही, कारण नॉकिंग वाढलं की पिस्टनचा माथा फुटू शकतो. तिथे पैसे घालायचे तर मोठ्या इंटरकूलरमध्ये आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये घालावेत. आणि ब्रेक त्याआधी.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी राहते, हे लक्षात ठेवून मूळचे सगळे भाग, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जपून ठेवा.

राहिला पेट्रोलचा रबरी पाइप. ही गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाही. बॉनेट उघडून इंधनाचा प्रत्येक होस वाकवून बघा. फुगलेला, चिकट किंवा भेगाळलेला दिसला तर इथेनॉल चालणारा होस आणि नवे क्लॅम्प टाका. एक्झॉस्टच्या इतक्या जवळ पेट्रोलचा थेंबही नको. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप पुढच्या भागात घेऊ.