विश्लेषण : नकाशावर ‘ओसेज’, पण जमीन कुठे गेली?

अमेरिकेच्या नकाशावर ‘ओसेज’ हे नाव वारंवार दिसते. मिझुरीतील नदी, मिझुरी, कॅन्सस आणि ओक्लाहोमातील काउंटी, शिवाय ‘ओसेज ऑरेंज’ हे झाड. त्याच्या चिवट लाकडाची धनुष्ये ओसेज लोक बनवत. त्यांचे मूळ नाव ‘वझाझे’. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘ओसेज’ झाले.

१८०८ आणि १८२५ च्या करारांनी मिझुरीतील जमीन गेली, नदीला नाव तेवढे उरले. पुढे कॅन्ससही सुटले. ओक्लाहोमातील जमीन मात्र त्यांनी स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. तिथे तेल सापडले. १९०६ च्या कायद्याने खनिजहक्क जमातीकडेच राहिले. त्याच पैशांच्या लोभातून १९२० च्या दशकात अनेक ओसेजांचे खून झाले. तरीही ओसेज नेशनचे मुख्यालय आजही तिथेच, पॉहस्कात आहे.