आम्लपित्त आणि ओमेप्राझोल

जेवणानंतर छातींत जळजळणें, आंबट पाणी घशाशीं येणें, या तक्रारी घरोघरीं आढळतात. पूर्वी अशा वेळीं खाण्याचा सोडा पाण्यांतून घेत. आतां औषधाच्या दुकानांतून कॅपसूल आणण्याकडे लोकांचा कल असतो. तींत पुष्कळदां ओमेप्राझोल हें औषध असतें. सोड्याचें कार्य आणि या औषधाचें कार्य यांत मूलतः भेद आहे. तो लक्षांत न घेतल्यास औषध वायां जातें आणि प्रसंगीं अपायहि होतो.

जठराच्या अंतस्त्वचेंतील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण करितात. हें आम्ल अन्नाबरोबर आलेल्या जंतूंचा नाश करितें आणि प्रथिनांच्या पचनास साहाय्य करितें. तें मुळांत शत्रु नव्हे. या पेशींत सूक्ष्म पंपासारखी योजना असते व तिच्या योगें आम्ल जठरांत लोटलें जातें. सोडा तयार झालेल्या आम्लाची तीव्रता मारतो; त्याचा गुण थोडाच वेळ टिकतो. ओमेप्राझोल त्या पंपांनाच निकामी करितें. म्हणून औषध रक्तांतून कांहीं तासांत नाहींसें झालें, तरी नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमीच राहतें.

परंतु जे पंप चालू असतात, त्यांवरच हें औषध लागू पडतें. आणि पंप चालू होतात ते अन्न पोटांत गेल्यावर. यासाठीं तें न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घेण्याचा प्रघात आहे. पूर्ण गुण येण्यास तीन-चार दिवस लागतात. शिवाय जठरांतील आम्लानें हें औषध स्वतःच नष्ट होतें. म्हणून त्याच्या कणांवर रक्षक लेप असतो. ते कण चावून खाल्ल्यास लेप फुटतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनांतून सिमेटिडीन हें आम्ल कमी करणारें औषध १९७६ सालीं प्रचारांत आलें. ओमेप्राझोल १९८८ सालीं स्वीडनमध्यें विक्रीस निघालें. तत्पूर्वी जठरव्रणाच्या पुष्कळ रोग्यांना शस्त्रक्रियेस सामोरें जावें लागे. या दोहोंच्या दरम्यान, १९८२ सालीं, ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनीं जठरांतील एका जंतूची वाढ प्रयोगशाळेंत करून दाखविली. बहुतेक व्रणांच्या मुळाशीं हा हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु असतो, हें पुढें सिद्ध झालें. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. अशा रोग्यास केवळ ओमेप्राझोल दिल्यास व्रण भरतो, पण पुनः उद्भवतो. जंतुनाशक औषधांची जोड साधारणतः दोन आठवडे दिली म्हणजे रोगाचें मूळच जातें.

याखेरीज अन्ननलिकेंत आम्ल चढून झालेला दाह, आणि सांधेदुखीवरील वेदनाशामकांमुळें जठरास होणारी इजा, यांवरहि हें औषध उपयुक्त आहे. वेदनाशामकें दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धांना तें संरक्षणार्थ देतात.

मात्र कारणावांचून वर्षानुवर्षें घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांची उणीव पडण्याचा संभव असतो. आंतड्यांतील जंतुसंसर्ग व हाडें मोडणें यांचें प्रमाणहि अशा रोग्यांत अधिक आढळलें आहे. हृदयरोगासाठीं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून त्यास हात लावूं नये. कारण त्यानें त्या औषधाचा गुण कमी होतो. दीर्घकाळ घेतलेलें ओमेप्राझोल एकाएकीं थांबविल्यास आम्ल कांहीं काळ पूर्वीपेक्षां जास्त स्रवतें, आणि औषधाची गरज संपली नाहीं असा भ्रम रोग्यास होतो.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. औषधानें जळजळ शमते, पण तिचें कारण झांकलें जाऊं शकतें. जठराच्या कर्करोगांतहि आरंभीं अशाच तक्रारी असतात. शौचास डांबरासारखें काळें होणें, रक्ताची उलटी, घास अडकणें, अकारण वजन घटणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास दुकानाऐवजीं दवाखाना गांठावा. छातींतील कळ हातांत किंवा जबड्यांत जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर तें पित्त समजून कॅपसूल घेऊन निजणें प्राणावर बेतूं शकतें; अशा वेळीं रोग्यास तत्काळ रुग्णालयांतच नेलें पाहिजे.