कोहिनूरचा आठवडा

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली हातात पडल्या की मी बातम्यांच्या आधी सिनेमाच्या जाहिराती उघडतो. चित्रपटाचं नाव, त्याखाली थिएटर, खेळांच्या वेळा, आणि चित्रपट चालला असेल तर ठळक अक्षरांत कितवा आठवडा तेही. कागद इतका ठिसूळ झालेला असतो की बोट फिरवलं तरी कडेचा भुगा पडतो, म्हणून मी पट्टी धरून एकेक ओळ वाचतो. या ओळींत ‘कोहिनूर’ दिसलं की पट्टी थांबते.

दादरचं कोहिनूर थिएटर आता उरलेलं नाही. ते पाडलं आणि त्या जागी मॉल उभा राहिला. इमारत गेल्याची हळहळ मलाही वाटते, पण कोहिनूरचा इतिहास मला तिच्या दगडविटांपेक्षा या आठवड्यांच्या आकड्यांत जास्त सापडतो.

दादर हे मुळात आखून वसवलेलं उपनगर. १८९६च्या प्लेगनंतर कोंदट झालेल्या शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची योजना हाती घेतली. सिनेमा इथे लवकर आला, आणि आला तो तयार होण्यासाठी. १९१२मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं काम दादर मेन रोडवरच्या मथुरा भवनात केलं; त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. पुढे द्वारकादास संपतांच्या दादरमधल्या कोहिनूर फिल्म कंपनीने १९२१मध्ये ‘भक्त विदुर’ काढला. त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून कराची आणि मद्रासमध्ये चित्रपटावर बंदी आली. दादरला कोहिनूर हे नाव सिनेमाच्या संदर्भात फार जुनं आहे, ते असं.

एकपडदा थिएटरचा धंदा समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. निर्माता किंवा वितरक थिएटर आठवड्याच्या भाड्याने घ्यायचा. प्रत्येक थिएटरचा एक ‘होल्डओव्हर’ आकडा ठरलेला असे. आठवड्याची कमाई त्याच्या खाली घसरली की थिएटरवाला चित्रपट उतरवू शके. पडदा एकच, वर्षाचे आठवडे बावन्न, आणि हिंदीतले मोठे वितरक रांगेत उभे. मराठी निर्मात्याला चित्रपट काढण्याइतकंच कठीण होतं ते मुंबईत चांगल्या वस्तीत आठवडा मिळवणं. दादरला मराठी प्रेक्षक होता, पण आठवडा मिळाला नाही तर तो प्रेक्षक असून नसल्यासारखा.

१९७१मध्ये हेच दादा कोंडक्यांच्या वाट्याला आलं. गोकुळाष्टमीला जन्मले म्हणून कृष्णा नाव ठेवलेला, नायगावच्या चाळीत गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला हा माणूस ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनिसांच्या लोकनाट्याने महाराष्ट्रभर पोचला होता. ‘सोंगाड्या’ ही निर्माता म्हणून त्यांची पहिलीच उडी. लेखन सबनिसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, सोबत उषा चव्हाण आणि निळू फुले. तमाशाच्या वेडापायी फडामागे जाणाऱ्या भोळ्या नाम्याची ही गोष्ट. कोहिनूरचं बुकिंग झालं होतं, पण ऐनवेळी थिएटरने देव आनंद यांच्या हिंदी चित्रपटाला पसंती दिली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि ‘सोंगाड्या’ कोहिनूरच्या पडद्यावर लागला.

हा प्रसंग बहुतेक वेळा इथेच संपवतात, आणि मला ते पटत नाही. जमाव दारात उभा राहिला म्हणून एखादा चित्रपट लागेल, पण घरातून निघून, तिकिटाच्या रांगेत उभं राहून, खिशातले पैसे मोजून लोक आठवड्यामागून आठवडा येत राहिले ते कुणाच्या धाकाने नव्हे. ‘सोंगाड्या’ने रौप्यमहोत्सव केला. सलग पंचवीस आठवडे! दादांच्या चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची पुढे गिनीज बुकात नोंद झाली, तिची सुरुवात या चित्रपटापासून. थिएटरवाल्याचा हिशेब चुकला तो याच ठिकाणी. नायगाव-लालबाग-परळचा माणूस मराठी चित्रपटासाठी पैसा काढेल, हे त्याने धरलंच नव्हतं.

त्या काळच्या प्रोजेक्शन खोलीत हे पंचवीस आठवडे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. दोन यंत्रं, आत कार्बनच्या जळत्या कांड्या, त्यांचा धूर आणि उष्णता. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. ऑपरेटर दुसरं यंत्र चालू करतो. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका, आणि पहिल्या यंत्राची झडप पडून दुसऱ्याची उघडते. हे जमलं तर खाली बसलेल्यांना काही कळतही नाही. चुकलं की शिट्ट्या. प्रत्येक खेळाला डझनभर वेळा आणि रोज तीन खेळ, असं हे काम. त्या माणसांची नावं एकाही जाहिरातीत नाहीत.

पुढचा उतार वेगाने आला. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, नंतर व्हिडिओ आला. पण दादर-परळच्या थिएटरांना खरा घाव बसला तो जानेवारी १९८२च्या गिरणी संपाचा. अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. ज्याच्या जिवावर मराठी चित्रपटाचे आठवडे वाढत, तोच माणूस मोडला, गावी गेला. जागेचे भाव मात्र चढतच राहिले. २००१मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं करमणूक करात सवलत दिली; जुन्या एकपडदा थिएटरांच्या माथी तो कर राहिला. एका मोठ्या सभागृहाखालची जमीन दुकानांच्या गाळ्यांसाठी कितीतरी जास्त पैसे देते, हा हिशेब करायला मालकाला कुणी शिकवावं लागत नाही. कोहिनूर त्याच हिशेबात गेलं.

आठवड्याचं भांडण मात्र तिथेच राहिलं, फक्त आता ते खेळांच्या वेळांवर आलं. एप्रिल २०१५मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचं बंधन घालायचं ठरवलं. विरोध झाला, चर्चा झाल्या, आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पसरवण्यात आली. दुपारी बाराचा खेळही त्यामुळे नियमात बसू लागला. कामावर गेलेला माणूस त्या वेळी थिएटरात येऊ शकत नाही.