पाच दिवसांच्या गोळ्या

मानसिक संकटात अल्पकाळासाठी औषध मागणाऱ्याला आपली आरोग्य व्यवस्था एक तर परत पाठवते, नाही तर अमर्याद गोळ्या देते. या दोन टोकांमधली जागा २०१७च्या कायद्याने दाखवली आहे. ती भरण्याचे काम अजून बाकी आहे.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले, तेव्हा मी नुकताच चाळिशीत आलो होतो. सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. मदतकार्यासाठी जे अधिकारी किनारी भागात धाडले गेले, त्यांत मी होतो. पहिले तीन आठवडे विचार करायला उसंतच नव्हती. मृतदेहांची विल्हेवाट, तांदळाचे ट्रक, छपरासाठी प्लास्टिकचे कागद, विहिरींत टाकायची ब्लीचिंग पावडर यांतच दिवस सरत होता. चौथ्या आठवड्यात ध्यानात आले, की आपण झोपतच नाही आहोत. पाठ टेकली की पाण्याचा आवाज कानांत सुरू होई. सही करताना हात थरथरे. एका बैठकीत सानुग्रह अनुदानाच्या यादीतील नावे वाचता वाचता कंठ दाटून आला आणि खोकल्याचे निमित्त करून मला बाहेर पडावे लागले. त्यानंतरच्या एका पहाटे मनात असा विचार येऊन गेला, की उद्याचा दिवस उजाडलाच नाही तर बरे.

त्या सकाळी मी डॉक्टरांना बोलावणे पाठवले. रुग्णालयात जाऊन रांगेत उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि अधिकाऱ्याला तशी गरजही पडत नाही. आलेले गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, साधे एमबीबीएस होते. ‘‘थोडे दिवस झोप लागेल असे काहीतरी द्या,’’ एवढेच मी म्हणालो. त्यांनी लगेच कागद काढला नाही. किती दिवसांपासून झोप नाही, दारू घेता का, इतर कोणती औषधे चालू आहेत, हे त्यांनी विचारले आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘सर, जगणे नकोसे वाटते का?’’ मी प्रथम नाही म्हटले. ते थांबून राहिले. मग मी हो म्हटले.

त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या; एकही जास्त नाही. ‘‘पाच दिवसांनी मी स्वतः येईन, तेव्हा पुढचे ठरवू. यांनी दुःख जाणार नाही. दुःख सोसण्याइतकी झोप मिळेल,’’ असे ते म्हणाले. रात्री एकटे झोपू नका, घरच्यांशी रोज बोला, हेही त्यांनी बजावले. ते खरोखरच पाचव्या दिवशी आले. मात्रा कमी करत सुमारे दोन आठवड्यांत ते औषध त्यांनी बंद केले. तोवर मी पुन्हा माणसांत आलो होतो.

निघताना मी त्यांना एक विनंती केली होती: ‘‘नोंदवहीत माझे नाव घालू नका.’’ त्यांनी ती मान्य केली.

याच सुमारास माझ्या हाताखालच्या एका राजस्व निरीक्षकाची, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला मंडल अधिकारी म्हणतात तशा कर्मचाऱ्याची, हीच अवस्था झाली होती. ज्या गावांतील मृतांच्या याद्या तो करत होता, त्या गावांतील बहुतेक माणसांना तो नावानिशी ओळखत होता. तोही औषध मागायला एका आरोग्य केंद्रात गेला. ‘‘सगळ्यांचीच ही गत आहे, मन घट्ट करा,’’ असे त्याला सांगण्यात आले. फारच वाटले तर वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात जा, असाही सल्ला मिळाला. तेथवर पोहोचायला त्या तुटलेल्या रस्त्यांवरून एक अख्खा दिवस लागत असे. त्याने आठ दिवसांची रजा मागितली. कारणाच्या ओळीत ‘मन अस्वस्थ’ असे लिहिले होते. तो अर्ज माझ्या टेबलावर आला आणि ‘मनुष्यबळाची कमतरता, नामंजूर’ असा शेरा मी मारला. त्या वेळी माझ्या खणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्या.

पुढे त्याला एका औषध दुकानदाराने चिठ्ठीवाचून गोळ्यांची पाकिटे दिली. झोप लागली, म्हणून त्याने ती घेणे चालू ठेवले. सहा वर्षांनी तो मला भेटला तेव्हा त्याची मात्रा तिप्पट झाली होती. मध्यंतरी एकदा त्याने गोळ्या एकाएकी बंद केल्या आणि त्याला झटके आले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात कित्येक महिने घेऊन त्याच्या गोळ्या क्रमाक्रमाने सोडवाव्या लागल्या. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो इतकेच म्हणाला, ‘‘सर, त्या थांबवायच्याही असतात, हे मला कोणी सांगितलेच नाही.’’

या दोन अनुभवांमधील अंतर केवळ नशिबाचे नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आलेल्या डायझेपामपासून अल्प्राझोलामपर्यंतची ही औषधे तीव्र चिंता आणि निद्रानाश यांवर काही तासांतच परिणाम दाखवतात. नैराश्यावरील मुख्य औषधांचा गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मधल्या दिवसांत रुग्णाला तगवून धरण्यासाठी या गोळ्यांचा पुलासारखा उपयोग होऊ शकतो. पण पुलावर कोणी घर बांधत नाही. दोन ते चार आठवड्यांपलीकडे त्यांची सवय जडण्याचा धोका वाढतो, दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो, वृद्धांमध्ये पडझडीचे प्रमाण वाढते आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक सोडणे हे स्वतःच एक संकट ठरते. म्हणूनच डॉक्टर कचरतात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. मनात मरणाचे विचार असलेल्या माणसाच्या हाती महिनाभराच्या गोळ्या देऊ नयेत, हेही खरेच. मात्र यावरचे उत्तर ‘औषध नाही’ हे नव्हे. थोडे औषध, ठरलेली तारीख आणि पुन्हा भेट, हे ते उत्तर आहे. माझ्या डॉक्टरांनी नेमके तेच केले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी जाणवते, की आपल्या राज्यसंस्थेने मनाच्या आजाराकडे फार काळ भिंतींचा प्रश्न म्हणून पाहिले. १८५८चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आणि त्यानंतरचा १९१२चा कायदा, या दोहोंचा भर माणसाला आत कसे घ्यावे आणि कोणाच्या आदेशाने ठेवावे यावर होता. भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. भिंतीबाहेर राहून काही दिवसांची मदत हवी असलेल्या माणसाचा विचार या चौकटीत बसतच नव्हता. तो विचार पुढे आणला तो कायद्याने नव्हे, डॉक्टरांनी. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाईकांना रुग्णांसोबत राहायला बोलावले. १९७०च्या दशकात बंगळुरूजवळच्या सकलवाडा आणि हरियाणातील रायपूर रानी येथे प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून मानसोपचार देण्याचे प्रयोग झाले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्याने दाखवून दिले, की साधा वैद्यकीय अधिकारी प्रशिक्षणानंतर हे काम करू शकतो. त्याच धर्तीवर १९९६पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हाच देश खडबडून जागा झाला.

२०१८ साली अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा या इतिहासातील खरा वळणबिंदू आहे. त्याच्या कलम १८ने प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने चालणाऱ्या वा सरकारी अनुदानावरील सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या, म्हणजे सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीपासून वर मोफत व सदैव उपलब्ध असली पाहिजेत, असेही हेच कलम म्हणते. कलम ९४नुसार जीवाला धोका असेल अशा प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो; ईशान्येकडील राज्यांत ही मुदत १२० तास आहे. कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आरोपी न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले. एरवी बाह्यरुग्ण विभागात आलेल्याला चार दिवसांचे औषध लिहून देण्यास एमबीबीएस डॉक्टरला कोणताच कायदा आडवा येत नाही. आडवे येते ते प्रशिक्षणाचे अपुरेपण, गर्दी, आणि ‘हे आपले काम नव्हे’ ही समजूत.

आणि गरज किती मोठी आहे? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या मात्र लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. म्हणजेच संकटातील बहुसंख्य माणसांसमोर पहिल्यांदा येणारा डॉक्टर हा साधा डॉक्टरच असणार. त्याने कसे वागावे, हाच खरा धोरणाचा प्रश्न आहे.

यात चार गोष्टी आजच्या यंत्रणेतच करता येतील. पहिली, प्रत्येक आरोग्य केंद्रात मानसिक संकटासाठी एक पानी कार्यपद्धती हवी: कोणते प्रश्न विचारायचे, औषध किती दिवसांचे द्यायचे, पुढची तारीख कोणती आणि रुग्ण त्या दिवशी आला नाही तर निरोप कोणी न्यायचा. मोफत औषधांची हमी सामुदायिक केंद्रापासून सुरू होते; ती एक पायरी खाली, प्राथमिक केंद्रापर्यंत, उतरवण्यापासून राज्यांना कोणी अडवलेले नाही. दुसरी, कलम ३१ने सरकारी रुग्णालयांतील व तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे बंधनकारक केले आहे. मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी याच कलमाने दिलेली दहा वर्षांची मुदत २०२८ मध्ये संपते. किती अधिकारी प्रशिक्षित झाले, हे प्रत्येक राज्याने विधिमंडळात सांगावे.

तिसरी गोष्ट औषध दुकानांची. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४पासून ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, रुग्ण आणि दिलेली मात्रा यांची स्वतंत्र नोंद दुकानदाराने ठेवायची असते आणि ती तीन वर्षे जपायची असते. ही वही केवळ छाप्याच्या वेळी दाखवण्यासाठी नाही. एकाच माणसाला महिनोन्‌महिने तीच गोळी जात असेल, तर तो गुन्हा नसून आरोग्य केंद्रासाठी इशारा आहे, अशा नजरेने ती वाचली गेली पाहिजे. चौथी गोष्ट माझ्या जुन्या खात्यांची. आपत्तीनंतरच्या मदतकार्यात गुंतलेल्या तलाठ्यापासून पोलिसापर्यंत प्रत्येकाला पाळीपाळीने सक्तीची विश्रांती आणि गोपनीय वैद्यकीय भेट मिळाली पाहिजे. रजेच्या अर्जावर ‘मन अस्वस्थ’ असे लिहिणाऱ्याच्या अर्जावर शेरा मारण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या माणसाला समोर बसवून बोलले पाहिजे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. माझ्या त्या पहाटे असे काही नव्हते. पण दूरध्वनी हा दार दाखवतो. दाराआड डॉक्टर असावा लागतोच. मन आणि झोप यांवरील काही नियंत्रित औषधे दूरभाषवरून लिहून देण्यावर बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत.

ज्या वाचकावर अशी वेळ येईल, त्याने डॉक्टरांसमोर झोपेचे निमित्त करून थांबू नये, हे मी अनुभवाने सांगतो. किती दिवस झाले, मनात काय येते, दारू आणि इतर औषधे कोणती, हे सरळ सांगावे. सोबत घरचे कोणीतरी न्यावे. आणि औषध हातात पडताच दोन प्रश्न विचारावेत: हे मी कधी थांबवायचे, आणि आपण पुन्हा कधी भेटायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर उपचार अर्धाच झाला आहे असे समजावे. मरणाचा विचार मनात घर करत असेल, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेला मदत मागावी.

त्या वर्षाअखेरीस आरोग्य खात्याचा एक तक्ता माझ्या सहीसाठी आला होता. अतिसार, हिवताप, सर्पदंश, जखमा, अशा एकेका रकान्यात हजारोंचे आकडे होते. मानसिक आजाराच्या रकान्यात शून्य होते. मी सही केली. पुढे त्याच तक्त्यावरून त्या भागाला कोणती औषधे आणि किती माणसे द्यायची हे ठरले असणार. त्या शून्यात तो राजस्व निरीक्षक होता, आणि त्यात मीही होतो. माझे नाव नोंदवहीत न घालण्याची विनंती मी केली नसती, तर तेथे निदान एक तरी आकडा उमटला असता.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)