घडी मोडली

दिवाळीची आवराआवर चालली होती. भोंगवलीच्या आमच्या घरातली वडिलांची लोखंडी ट्रंक मी उघडली. आत सहा कोरी धोतरे आणि घडीही न मोडलेली एक शाल! वडील पुण्याला एका कचेरीत कारकून होते. साहेब रागावेल, पाऊस दगा देईल, लोक नावे ठेवतील. भीतीचे पीक त्यांच्याकडे बारमाही. 'पुढे लागेल' म्हणून धोतरे राहिली आणि वडील गेले.

त्या रात्री मला मर्ढेकर आठवले. आमच्या गावाहून सातारच्या वाटेला लागून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, आणि त्यातले मर्ढे हे या कवीचे मूळ गाव. १९४७ साली त्यांच्या 'काही कविता' आल्या आणि यंत्रयुगात पिचलेला, भेदरलेला माणूस मराठी कवितेत शिरला. त्या माणसात मला वडील दिसतात. पण वाचकहो, एक गोष्ट विसरू नका. भेदरलेल्या माणसाचे चित्र काढणारा कवी स्वतः भेदरला नाही. त्याच कवितांपायी त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून तो निर्दोष सुटला. लेखणी त्याने खाली ठेवली नाही. १९५१ साली 'आणखी काही कविता' निघाल्याच.

दुसरे टोक नारायण सुर्व्यांचे. मुंबईत टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने घरी नेले. पुढे पोरवयातच ते पुन्हा एकटे पडले. पडेल ते काम केले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आले. भ्यायला त्यांच्याइतकी कारणे कोणाला होती? तरी त्यांच्या कवितेतला माणूस उपाशी असला तरी चार माणसांत उभा राहतो, भांडतो, प्रेम करतो. जगणे उद्यावर टाकत नाही.

आमच्या आत्याचे यजमान लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली. आत्या भोंगवलीला परत आली, उसनवारीवर म्हैस घेतली आणि पोरे वाढवली. मी तिला सुर्व्यांच्या कविता वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "हा गडी आमच्याच चाळीतला दिसतो."

"आत्या, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण म्हशीला वैरण घालायची वेळ झाली की भीतीला सांगायचं, बस तिकडं कोपऱ्यात. तुझ्या बापानं तिला पाटावर बसवली, एवढंच."

मी हसलो, पण ते लागले. पुण्याच्या माझ्या कपाटातही तीन कोरे सदरे पडून आहेत, आणि सदऱ्यांपेक्षा मोठ्या किती तरी गोष्टी!

वास्तववादी कवी भित्र्याला हिणवत नाहीत. भीती कुठून येते ते मर्ढेकर दाखवतात. ती उरात असतानाही जगता येते, हे सुर्वे दाखवतात. मला दोघेही हवेत. एकामुळे वडिलांवरचा राग गेला, दुसऱ्यामुळे स्वतःवरचा आला.

पाडव्याच्या पहाटे आत्याने ट्रंकेतले एक धोतर माझ्या हातात दिले.

"मोड घडी," ती म्हणाली.

घडीच्या रेघांवर कापड पिवळे पडले होते. मी ते नेसलो आणि आत्याने ओवाळले.